खडूचा पाय

“नेमकं कुठं दुखतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

रेवाण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. हा प्रश्न आला की आमची दोघांची अशीच गत व्हायची. खरं सांगावं तर लोक हसतात, आणि खोटं सांगावं तर औषध कशावर देणार?

“पायात,” रेवाण्णा म्हणाले.

“कुठल्या?”

“उजव्या.”

उजवा पाय नव्हता. मांडीच्या मध्यापासून खाली लेंग्याची नळी दुमडून मी पिन लावली होती. पाय काढून पाच महिने झाले होते. बाकावर बसलेली दोन-तीन माणसं माना वर करून बघायला लागली. मला वाटलं, झालं, आता ही बाईसुद्धा चष्म्यावरून बघणार, ‘मनाचे खेळ आहेत हो’ म्हणणार आणि झोपेच्या गोळ्या लिहून देणार.

बाई उठल्या. टेबलाच्या खणातून शाळेत असतो तसला पांढरा खडू काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

“त्यांना वाकता येणार नाही. ते सांगतील तसा तुम्ही फरशीवर काढा. पाय कुठं आहे तो.”

मी शहाबादी फरशीवर उकिडवी बसले. रेवाण्णा खुर्चीत, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून.

“टाच हितं,” ते म्हणाले. “न्हाई, अजून मागं. खुर्चीच्या खाली जा.”

“खुर्चीखाली?”

“आगं, दुमडलाय न्हवं का त्यो. गुडघ्यात दुमडून कुणीतरी मागं दाबून धरल्यागत. गुडघ्यापास्नं नडगी मागं वळवून काढ. आता बोटं काढ. अशी सरळ नगंस काढू, आत वळल्यात. अंगठा समद्यांच्या खाली. त्याच्यावर बाकीची. नखं तळव्यात रुतल्यात बघ.”

जन्मभर उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं काढली मी. असलं पाऊल काढायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. काढून झाल्यावर बाई माझ्या शेजारी फरशीवर बसल्या आणि बाकीचे डॉक्टर एक्स-रे बघतात तशा त्या चित्राकडं बघत राहिल्या.

“अंगठ्यात काय होतं? कळ येते की ठणका लागतो?”

“सकाळच्याला कळ. दुपारनं ठणका. आन् अधनंमधनं करंट बसल्यागत चमक मारती.”

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे वहीत लिहून घेतले. रेवाण्णांनी खुर्चीचे हात सोडले. “बाई, तुमाला हे खरं वाटतंय व्हय?”

“तुम्हाला दुखतंय. मला खोटं का वाटेल?”

मला तिथंच फरशीत गाडून घ्यावंसं वाटलं. कारण पाच महिन्यांत एकदा, वैतागून का होईना, मीच त्यांना म्हणाले होते, ‘नसलेला पाय दुखंल कसा हो?’

ही गोष्ट इचलकरंजीतली, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. आता माझी साठी उलटली, त्यामुळं नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. रेवाण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मी, महादेवी, घरी कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या बारक्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. एकदा मागाखाली शिरताना त्यांच्या टाचेत तार घुसली. त्यांना कळलंच नाही. अंगात साखर होती, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं आठ दिवस वाट बघितली, आणि शेवटी सर्जन म्हणाले, पाय ठेवला तर माणूस जाईल.

माणूस वाचला. पण सुटला नाही. जखम भरली, पण गेलेला पाय दुखायचा थांबेना. एवढा दणकट माणूस, चादरीचा बोळा तोंडात कोंबून पडायचा. तासभर सलग झोप नाही. मांडीच्या थोट्याला कापडाचा नुसता स्पर्श झाला तरी किंचाळायचे, त्यामुळं लाकडी पाय बसवायची गोष्टच निघत नव्हती. आणि पाय बसवल्याशिवाय मागावर उभं राहणार कसं? सर्जननी गोळ्या बदलून बदलून दिल्या. आता ते म्हणत होते, मांडीतली शीर आणखी वर जाऊन कापून बघू, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी या. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. रेवाण्णा म्हणाले, “कापा. पार कमरंपतोर कापा, पर हे थांबवा.”

दुसरीकडं माझ्या सासऱ्यांनी त्याच्या आधीचा सोमवार धरला होता. गुरुपादप्पा त्यांचं नाव. रेवाण्णा त्यांना आप्पा म्हणायचे, मी मामा. दवाखान्यातून कापडात बांधून दिलेला पाय सासऱ्यांनीच आमच्या रुद्रभूमीत नेऊन पुरला होता. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, पुरतात, त्याची ही जागा. सासऱ्यांचं म्हणणं एकच. पुरताना पाय वाकडातिकडा पुरला गेला, म्हणून पोराला तिथं दुखतंय. सोमवारी उकरायचा, सरळ करायचा आणि परत पुरायचा. मी म्हटलं, “मामा, असलं काय बोलताय?” तर ते दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत.

म्हणजे सोमवारी सासरे जमीन उकरणार, बुधवारी सर्जन मांडी उकरणार, आणि त्याआधी मंगळवारपासून शनिवारपर्यंत माझ्या हातात पाच दिवस होते. कुणीतरी म्हणालं, डॉ. कुमुदिनी शिरगावे सुया टोचून दुखणं बरं करतात, कोलंबोला जाऊन ती विद्या शिकून आल्यात. मला हसूच आलं. बाई जैन, रस्त्यानं मुंगी चुकवून चालणारी, आणि माणसांना सुया टोचते! पण बुडत्याला काय, मी रिक्षा केली.

“ह्याला चिनी लोक ॲक्युपंक्चर म्हणतात,” बाईंनी त्या पहिल्या दिवशी आम्हाला समजावलं. “त्यांच्या हिशोबानं अंगात वाटा असतात, आणि वाट अडली की दुखतं. आपली डॉक्टरी सांगते, सुईनं नसा जाग्या होतात आणि मेंदूकडं वेगळा सांगावा जातो. दोन्हीतलं पूर्ण खरं कुठलं, ते मलाही सांगता यायचं नाही. तुमचा पाय काढला, पण तुमच्या डोक्यात पायाची जी जागा आहे ती तशीच आहे. तिला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. तिला समजावून बघू. काहींना गुण येतो, काहींना नाही. आणि सर्जनच्या गोळ्या, साखरेचं औषध, त्यातलं एक बंद करायचं नाही.”

असं बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघत होते. बाकीच्यांना सगळं ठाऊक असायचं.

“सुई कुठं मारणार?” रेवाण्णांनी विचारलं. “तिथं तर पायच न्हाई.”

“डाव्या पायात.”

रेवाण्णांनी डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला. “ह्याला हात नगा लावू, बाई. योकच राह्यलाय.”

“उजव्याचं दुखणं डाव्यावरून काढता येतं. पण तुमचं बरोबर आहे. साखर आहे, तेव्हा पावलाला मी सुई लावणारच नाही. गुडघ्याखाली दोन, हातात दोन आणि कानात एक. तेही स्पिरिटनं पुसून, नव्या कोऱ्या सुयांनी.”

“तार घुसूनच पाय गेला माझा.”

“म्हणून आधी बघून घ्या.” बाईंनी केसासारखी बारीक सुई पाकिटातून काढली, स्वतःच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात टोचली आणि हात तसाच त्यांच्या पुढं धरला. सुई उभी होती आणि बाई हसत होत्या. “चालत्या मागात हात घालणारा माणूस ना तुम्ही?”

तेवढ्यावर रेवाण्णांनी पाय पुढं केला. मर्दपणाला डिवचलं की आमच्याकडची माणसं कशालाही तयार होतात.

सुई आत गेली की बाई ती बोटांत हलकेच फिरवायच्या आणि विचारायच्या, “काय येतंय?”

“काय न्हाई.”

“आता?”

“मुंग्या आल्या. न्हाई, मुंग्या न्हाईत. जड जड वाटतंय. आतनं कुणी वढल्यागत.”

“हां. तेच पाहिजे.” मग त्या पुढच्या सुईकडं वळायच्या. त्यांची बोटं आधी कातडीवरून फिरायची, एका जागी थांबायची, दाबायची. आजूबाजूला बोटभर अंतरात हजार जागा, पण थांबायची ती एकाच. मी कांड्या भरणारी बाई. सूत तुटायच्या आधी माझ्या बोटाला कळतं. हाताचं शहाणपण कशाला म्हणतात ते मला ओळखता येतं. त्यांच्या हातात ते होतं.

मंगळवारी काही झालं नाही. बुधवारीही नाही. घरी सासरे म्हणाले, “डाव्या पायात सुया! उद्या म्हणतील, शेजाऱ्याला टोचतो आन् तुला गुण येतोय.” मला त्यांचं बोलणं झोंबलं.

गुरुवारी सुया लावून वीस मिनिटं झाली होती. रेवाण्णा पलंगावर डोळे मिटून पडले होते. एकाएकी म्हणाले, “अंगठा निघाला.”

“कुठनं?” मी विचारलं.

“बोटांखालनं. सरळ झाला. महादेवे, अंगठा सरळ झाला!”

फरशीवरचं चित्र तसंच होतं. झाडणाऱ्या बाईला डॉक्टरीणबाईंनी ताकीदच दिली होती, तेवढी फरशी पुसायची नाही म्हणून. त्यांनी मला खडू दिला. मी ओल्या फडक्यानं जुना अंगठा पुसला आणि नवा, सरळ अंगठा काढला.  बाकावरच्या एका म्हातारीनं “आणि करंगळी?” असं विचारलं, आणि दवाखाना हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा रेवाण्णाही हसले.

शुक्रवारी दोन बोटं सुटली. शनिवारी उरलेली दोन. नखं तळव्यातून निघाली. ठणका राहिला होता, पण चमक थांबली. मला वाटलं, जिंकलो. पण गुडघा काही उलगडेना. टाच तशीच मागं, मांडीला चिकटून दाबलेली. रविवारी दवाखाना बंद. त्या एका दिवसात दुखणं असं उसळून आलं की बोटं परत आत वळणार म्हणून रेवाण्णा रडकुंडीला आले. “बुधवार येऊ दे,” एवढंच म्हणत होते. आणि सासऱ्यांनी कोपऱ्यात पहार आणि फावडं आणून ठेवलं होतं. पहारीला हळद-कुंकूसुद्धा लावलं होतं.

सोमवारी सकाळी सासरे बाहेर गेलेत असं बघून मी रेवाण्णांना घेऊन दवाखान्यात आले. बाईंनी सुया लावल्या. दहा मिनिटं झाली असतील नसतील, दारात सासरे उभे. खांद्यावर नवं पांढरं कापड, कपाळाला भस्म.

“रेव्या, ऊठ. टेंपू उभा हाय. तुझ्यादेखत करायचंय.”

“आप्पा, सुया लागल्यात.”

“काढ म्हणावं बाईला. हितं पडून काय व्हणार? पाय तिकडं मातीत वाकडा पडलाय, आन् ही हितं टोचत बसलीया.”

मला वाटलं, आता बाई चिडणार. आपल्या दवाखान्यात कुणी असं बोललं तर मी तरी खपवून घेतलं नसतं. बाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “बसा आजोबा. एकच विचारते, मग न्या त्यांना. पाच महिने झाले. मातीत पाय पायासारखा राहिला असेल?”

सासऱ्यांनी खांद्यावरचं कापड सारखं केलं.

“उकरलंत आणि सरळ करायला काही सापडलंच नाही, तर?”

सासरे खाली बसले. खुर्चीत नव्हे, फरशीवरच, कोपऱ्यात. एवढ्या दिवसांत हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असं नाही. पण कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. मग ते हळूहळू बोलायला लागले, आणि मी एकोणीस वर्षांच्या संसारात जे ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

“वाकडा पडला न्हाई त्यो. म्या दुमडला. ह्या हातांनी.”

“का?” बाईंनी विचारलं.

“आमच्यात मयताला आडवं ठेवत न्हाईत, बाई. मांडी घालून बसवत्यात. उद्या ह्याची येळ आली, देव करो आन् माझ्या मागनं येवो, तर ह्याला एका पायानं कसं बसवायचं? म्हणून म्या त्यो पाय आदीच मांडी घातल्यागत दुमडून ठेवला. लई ताठ झालता. जोर लावून दुमडला. आन् सुटू नये म्हणून कापडानं आवळून गाठ मारली. आशी रीत न्हाई कुठं. कुणी सांगितलंबी न्हवतं. माझंच डोस्कं चाललं.” त्यांनी दोन्ही तळवे उलटे करून बघितले. “आन् चार दिसांनी पोरगं शुद्धीवर येऊन म्हणतंय, आप्पा, पाय कुणीतरी दुमडून आवळून धरलाय.”

 माझ्या सासऱ्यांचा मला राग होता, पाच महिन्यांचा साठलेला. तो त्या क्षणी गेला. हा म्हातारा रोज पोराचं ओरडणं ऐकत होता आणि प्रत्येक किंकाळी आपल्या हातांमुळं आहे असं समजत होता.

“आजोबा,” बाई म्हणाल्या, “पाय काढायच्या आधी आठ दिवस हे वॉर्डात कसे पडले होते? गुडघा पोटाशी घेऊन, बरोबर ना?” त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. सरळ करूच देत नव्हते, इतकं दुखायचं. “पाय शेवटी जसा असतो तसाच डोक्यात राहून जातो. पुष्कळांचं असं होतं. तुमच्या दुमडण्याचा ह्याच्याशी संबंध नाही.”

“ते तुमचं शास्त्र,” सासरे मान न उचलता म्हणाले. “माझ्या हातास्नी ठावं हाय त्यांनी काय केलंय.”

 रेवाण्णांच्या गुडघ्याखालची सुई बाईंनी हलकेच फिरवली. मग म्हणाल्या, “मग तुमच्याच हातांनी सोडवा.”

“आता? मातीत तर काय ऱ्हायलं न्हाई म्हणता.”

“पाय मातीत नाहीच. हा बघा, इथं आहे.” आणि त्यांनी फरशीवरच्या खडूच्या पायाकडं बोट केलं.

सासरे चित्राकडं बघत राहिले. त्यांनी ते पहिल्यांदाच बघितलं होतं. गुडघ्यातून दुमडलेला, टाच मागं गेलेला. त्यांनी जसा बांधला होता अगदी तसाच. ते ओळखल्यासारखं त्यांच्या तोंडावर दिसलं. ते गुडघ्यांवर सरकत पुढं आले. बाईंनी रेवाण्णांना पलंगाच्या कडेला बसतं केलं, पाठीला उश्या लावल्या, सुया तशाच ठेवल्या. आता तो नसलेला पाय बरोबर सासऱ्यांच्या समोर आला होता.

“आदी गाठ सोडाया पायजे,” सासरे स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी मोकळ्या हवेत गाठ सोडायला सुरुवात केली.

हे मी कुणाला सांगितलं की लोक हसू दाबतात. तुम्हीही दाबत असाल. पण तिथं असता तर हसला नसता. सत्तरीचा म्हातारा, भस्म लावलेला, मोकळ्या हवेत एका गाठीशी झटत होता. नखं लावत होता, बोटं घसरत होती. “किती आवळलंय म्या,” म्हणत होता. बाई एकेक सुई बोटांत फिरवत होत्या, आणि त्यांचं लक्ष एकाच वेळी सुईवर, रेवाण्णांच्या तोंडावर आणि सासऱ्यांच्या हातांवर होतं.

“सुटली,” सासरे म्हणाले. त्यांनी कापडाचा एकेक वेढा काढला. मग दोन्ही तळवे खाली घालून टाच धरल्यासारखी धरली. “रेव्या, दुकंल का रं?”

“हळू, आप्पा,” रेवाण्णा डोळे मिटून म्हणाले.

“हळूच करतोय. वाईच सैल सोड.”

“सोडतोय.”

“हं. आलं. आजून इतकं.”

“हळू! हं. गुडघ्यात कळ आली. थांबा.”

सासरे थांबले. हात हवेत तसेच, एखादं तान्हं मूल धरल्यागत. बाईंनी कानातली सुई पुन्हा एकदा फिरवली. “काय येतंय?” त्यांनी विचारलं.

“जड येतंय. गरम येतंय. आप्पा, आता वढा.”

सासऱ्यांनी हात पुढं आणले. वीतभर, मग हातभर. मी फरशीकडं बघत नव्हते, नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होते. पाच महिने कपाळावर ज्या दोन आठ्या होत्या त्या माझ्या डोळ्यांसमोर विरल्या. त्यांनी एक मोठा श्वास सोडला. सासऱ्यांचे हात फरशीला टेकले.

“झाला सरळ,” रेवाण्णा म्हणाले. आणि बसल्या जागी त्यांची मान कलली.

मी घाबरून ओरडणारच होते. बाईंनी नाडीवर बोटं ठेवली, रक्तातली साखर तपासली आणि म्हणाल्या, “झोपलेत.”

आम्ही तिघांनी त्यांना आडवं केलं. बाईंनी मोजून पाच सुया काढल्या. दवाखान्यात पलंग एकच होता आणि बाहेर सात-आठ माणसं ताटकळली होती. बाईंनी बाक व्हरांड्यात हलवला आणि राहिलेल्या माणसांना तिथंच, उन्हाच्या तिरिपेत, सुया लावल्या. कुणी कुरकुर केली की “आत माणूस झोपलाय” एवढंच सांगत होत्या.

दुपारी मी त्यांना विचारलं, “बाई, खरं सांगा. सुयांनी झालं का मामांच्या हातांनी?”

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “सुयांनी वाट मोकळी केली असेल. वडिलांच्या हातांनी भीती घालवली असेल. नुसत्या हातांनी झालं असतं का, नुसत्या सुयांनी झालं असतं का, आता कसं सांगणार? आणि वहिनी, दुखणं परत डोकं काढेल. काढलं की या. सर्जनना मी चिठ्ठी लिहिते, ऑपरेशन थोडं पुढं ढकलता येईल का विचारा. आपल्या मनानं ठरवू नका.”

स्वतःच्या विद्येबद्दल ‘मला माहीत नाही’ म्हणायला केवढं मोठं काळीज लागतं! श्रेय समोर ताटात वाढून ठेवलं होतं, मी पाया पडायला वाकले होते, आणि बाईंनी ते उचललं नाही. त्या दिवसापासून मी त्यांना मानते.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. दुखणं परत आलं, खरंच. थंडी पडली की यायचं, मग आठ-दहा दिवस सुया. पण पहिल्यासारखं कधीच नाही. सर्जननी चिठ्ठी वाचली, थोटा तपासला आणि म्हणाले, बरं वाटतंय ना, मग थांबू. ते ऑपरेशन झालंच नाही. वर्षाच्या आत रेवाण्णांना पाय बसवला आणि ते मागांवर परत उभे राहिले. सासऱ्यांनी ते बघितलं.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं. रेवाण्णा सलग सहा तास झोपले. चारच्या सुमाराला जाग आली तेव्हा मी उशाशी होते आणि सासरे भिंतीला टेकून बसले होते. रेवाण्णांचे डोळे उघडे होते. एक हात मांडीच्या थोट्यावरून खाली जायचा, जिथं काही नाही तिथं चादर चाचपायचा, परत वर यायचा.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“न्हाई.”

“सरळ हाय न्हवं पाय?”

त्यांनी डोळे मिटले. आत खोल कुठंतरी शोधत असावेत असे ते कितीतरी वेळ पडून राहिले.

“महादेवे, पाय न्हाई,” ते म्हणाले. “समदीकडं बघितलं. कुठंच न्हाई.”

मला हसू फुटणार होतं. पाच महिने मी देवाकडं दुसरं काय मागितलं होतं? पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू तिथंच राहिलं. कापायच्या वेळी ते तापात होते. शुद्धीवर आले तेव्हा पाय दुखतच होता, आणि दुखतोय म्हणजे आहे. तो गेल्याचं डोळ्यांना दिसत होतं, पण आत कुणी सांगितलंच नव्हतं, दुखण्यानं सांगू दिलं नव्हतं.

“माझा पाय गेला गं,” ते म्हणाले, आणि मोठ्यानं रडायला लागले.

ऑपरेशनच्या दिवशी न रडलेले सासरे उठून आले आणि पोराचं डोकं छातीशी धरून रडले. मीही रडले. घरातलं माणूस गेल्यावर रडतात तसं आम्ही तिघं त्या पायासाठी रडलो, आवाज न दाबता. व्हरांड्यातल्या माणसांना बाई म्हणाल्या, “आज एवढंच. उद्या या,” आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.